सुट्टीवर येणाऱ्या बापाची पोरं

सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव सगळीकडे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. गावात त्यांचं स्मारक आहे. या युद्धाच्या दगडी पाट्या इतरही अनेक गावांत आहेत. गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच त्यावर असतं. मागं राहिलेल्या पोरांचा आकडा मात्र नसतो. आज त्या पोरांबद्दल लिहितोय.

माण-खटावच्या कोरडवाहू रानावर घर चालत नव्हतं. म्हणून एक भाऊ मुंबईला गिरणीत, एक शेतीवर आणि एक पलटणीत, अशी घराघरांत वाटणी असायची. शौर्य होतंच, पण भरतीच्या रांगेत उभं करायला दुष्काळही होता. गिरणीवाला निदान गणपतीला, जत्रेला यायचा. पलटणवाल्याचं तसं नव्हतं.

सिनेमात फौजीची पोरं छावणीत वाढतात, दर दोन-तीन वर्षांनी गाव आणि शाळा बदलतात. ते खरं आहे, पण जवानांच्या घरी बहुतेक वेळा वेगळं चित्र. क्वार्टर मिळालं तरी थोड्या वर्षांपुरतं. सीमेवर पोस्टिंग आलं की बायको-पोरं परत गावी. वर्षाला ६० दिवसांची सुट्टी, वर ३० दिवसांची किरकोळ रजा. माझे वडील फौजेत होते. ते आले की पहिले दोन दिवस आम्ही भावंडं बुजून लांबच राहायचो. जरा सरावलो की काळी ट्रंक परत भरायला लागायची.

पत्ता असायचा ५६ एपीओ. बाप काश्मीरात आहे की राजस्थानात, हे त्यावरून कळायचं नाही. ज्या घरात आईला लिहिता येत नव्हतं, तिथं अंतर्देशीय पत्र शाळेत जाणारं पोरगं लिहायचं. मीही लिहिलीत. नवऱ्याला सांगायचं ते लेकराच्या हातून जाणार, म्हणून बायका निम्मं बोलायच्याच नाहीत. पाऊस, म्हस, मनिऑर्डर पोचली, एवढ्यावर पत्र संपायचं.

१९६२, १९६५, १९७१. या तिन्ही युद्धांत घरी यायची ती तार. अंत्यसंस्कार बहुतेक वेळा तिकडंच व्हायचे, मागाहून सामान यायचं. पार्थिव गावी आणायची रीत रुळली ती १९९९ च्या कारगिलपासून. म्हणजे आधीच्या कित्येक पोरांनी बापाचं शेवटचं तोंडही पाहिलं नाही. बातमीदारी करताना भेटलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, "तार चुकीची असंल, असं आई पाच वर्षं म्हणत होती. मंगळसूत्र काढलं नाही."

जे सुखरूप परतले त्यांचीही एक गोष्ट आहे. पेन्शनसाठी १५ वर्षं सेवा लागते, त्यामुळं बरेच जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतात. तोवर थोरलं पोरगं दहावीला आलेलं. घर आईनं आपल्या पद्धतीनं चालवलेलं. मग पहाटे पाचला उठवणं, अंथरुणाच्या घड्या, आवाज चढवणं सुरू. बापाला वाटायचं पोरं ऐकत नाहीत, पोरांना वाटायचं हा कोण आला हुकूम सोडणारा. तरीही खरं सांगायचं तर त्याच पेन्शनवर आम्ही शिकलो. सैनिकांच्या मुलामुलींसाठी असलेल्या वसतिगृहांत राहून कितीतरी जण पुढं गेले.

१५ ऑगस्टला माजी सैनिकांना आपण शाल-नारळ देतो. जरूर द्यावा. पण त्या घरातली आई आणि पोरं स्टेजवर कधी येत नाहीत. १९७१ ला ज्या ऐन तारुण्यात होत्या त्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. अजून सांगतील, पण किती दिवस?

म्हणून एक विनंती. घरात फौजी असेल तर ट्रंकेतली जुनी पत्रं रद्दीत घालू नका. आजीजवळ, आईजवळ बसा आणि मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. युद्धाचं नको, घराचं विचारा. तो नसताना दुखणी-खुपणी कशी काढली, शाळेची फी कुठून भरली, आणि पत्रात काय लिहायचं राहून गेलं.