नोंदी ३८४०, माणसं २४

एकाच माणसाकडून पुन्हा पुन्हा मोजमाप घेणाऱ्या प्रयोगांबद्दल एक मत चांगलंच रुळलं आहे : प्रत्येक सहभागीला मॉडेलमध्ये स्वतःचा रँडम इंटरसेप्ट दिला, की पुनरावृत्तीचा हिशेब मिटला. कोणी मुळात सावकाश, कोणी चपळ. ती तफावत बाजूला काढल्यावर उरलेल्या नोंदी स्वतंत्र मानायला काय हरकत? हरकत आहे. माणसं नुसती वेगात वेगळी नसतात, एकाच बदलाचा परिणामही प्रत्येकावर वेगळा होतो.

स्ट्रूपचा १९३५चा प्रयोग घ्या. हिरव्या शाईत ‘लाल’ लिहिलेलं. सांगायचा शाईचा रंग. त्यात दुसरा घटक घालू : शब्द मराठीत की इंग्रजीत. सहभागी २४, प्रकार चार, प्रत्येकी ४० फेऱ्या. विसंगत शाईने होणारा उशीर मराठीत जास्त असतो का, हा प्रश्न. म्हणजे फरकाचा फरक. समजा तो सरासरी ४० मिलिसेकंद आला. एकेका नोंदीचं प्रमाण विचलन २००, आणि या फरकाच्या फरकाचं माणसामाणसांतलं ९०. नुसत्या इंटरसेप्टचं मॉडेल प्रमाण त्रुटी १३च्या आसपास सांगतं. गुणोत्तर ३च्या वर, निष्कर्ष पक्का! खरी त्रुटी २२हून जास्त. गुणोत्तर १.८ भरतं, आणि २३ स्वातंत्र्यमात्रांना हवं २.०७. फेऱ्या ४०च्या ४०० केल्या तरी त्रुटी १८च्या खाली जात नाही. माणसं दुप्पट केली तर १६वर येते.

उपाय म्हणजे रँडम स्लोप : परिणामही माणसागणिक बदलू देणं. काहीजण दोन्ही घटकांना स्लोप देतात, पण आंतरक्रियेला, म्हणजे त्या फरकाच्या फरकाला, विसरतात, आणि दावा नेमका आंतरक्रियेचाच असतो. डेल बार यांनी २०१३मध्ये हे स्पष्ट मांडलं. जुन्या अनोव्हात तर प्रत्येक परिणामाला त्याचीच त्रुटी लावण्याची शिस्त पहिल्यापासून होती. ती हातची जावी याचं मला वाईट वाटतं.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा वजनदार आहे : सगळे स्लोप घातले की मॉडेल जुळतच नाही, आणि अनावश्यक स्लोपने चाचणीची ताकद घटते. बेट्स आणि सहकाऱ्यांचा २०१५चा आक्षेप याच दिशेचा, आणि तो रास्त आहे. पण म्हणून ज्या परिणामावर दावा उभा आहे त्याचाच स्लोप वगळायचा? मॉडेल अडलं तर प्रत्येक माणसाच्या चार सरासऱ्या काढा, त्यांतून फरकाचा फरक हा एकच आकडा घ्या, आणि त्या २४ आकड्यांवर साधी टी-चाचणी लावा. घटकांना दोनच पातळ्या असल्याने अनोव्हातल्या गोलीयतेच्या अटीचा (पातळ्यांमधल्या फरकांचं विचरण सारखं असण्याचा) प्रश्नही इथे उद्भवत नाही.