सहाच्या आत

निर्यातीसाठी चालणाऱ्या कत्तलखान्यात चिलर म्हणून एक मोठी थंड खोली असते. आदल्या दिवशी कापलेल्या म्हशींची उभी चिरलेली अर्धी धडं तिथे आकड्यांना टांगलेली असतात. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कोटातला माणूस पीएच मीटर घेऊन आत येतो. पाठीच्या कण्यालगत जो लांब स्नायू असतो, त्याच्या बरोबर मध्यावर सुरीने बारीक चीर पाडतो, मीटरची दांडी तिच्यात खुपसतो आणि पडद्यावरचा आकडा स्थिर व्हायची वाट बघतो. ५.६ आला, ५.७ आला, की धड हाडं काढायला पुढे जातं. ६.० किंवा त्यावर आला तर बाजूला. मग त्याच जनावराच्या दुसऱ्या अर्ध्या धडाची तीच तपासणी.

पीएच म्हणजे सामू. आपल्या शेतकऱ्याला तो माती परीक्षणाच्या कागदावरून ओळखीचा आहे. मांसाला तो लावला जातो लाळ्या खुरकूत या रोगामुळे. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमानुसार, या रोगाचा वावर असलेल्या देशातून गाई-म्हशींचं ताजं मांस बाहेर पाठवायचं, तर कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्याने जनावर तपासलेलं हवं. धड किमान २४ तास २ अंश सेल्सियसच्या वर ठेवलेलं हवं, त्याचा सामू ६.० च्या खाली उतरलेला हवा, हाडं आणि मोठ्या लसिका ग्रंथी काढलेल्या हव्यात. डोकं, पाय आणि पोटातले अवयव या परवानगीत येतच नाहीत. या दोन ओळींच्या नियमामागे दीडशे वर्षांचं काम आहे, आणि ते करणारे निम्मे लोक रोगाचा विचारही करत नव्हते. म्हणून मला या नियमाचं फार अप्रूप वाटतं.

हे काम दोन घराण्यांतून आलं. आधी रोगाचं घराणं पाहू. लाळ्या खुरकूत ज्याने गोठ्यात पाहिलाय त्याला वर्णनाची गरज नाही. तोंडातून तार लागावी अशी लाळ गळते, जिभेवर आणि हिरड्यांवर फोड येतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, जनावर लंगडतं, दूध आटतं. मोठी जनावरं बहुधा मरत नाहीत, वासरं मरतात. जगलेली म्हैस कधीकधी पुढे धापा टाकत राहते, तिचं दूध पूर्वीसारखं भरत नाही. माणसाला मांसातून या रोगाची भीती नसते. सगळी काळजी जनावरांची. जर्मनीत फ्रेडरिक लॉफलर आणि पॉल फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं, की फोडातला द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी रोग देतोच. प्राण्यांच्या रोगाचा विषाणू असा पहिल्यांदा हाती लागला.

त्याच सुमारास मांस जहाजातून प्रवास करू लागलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या कुरणांवरची गुरं थंड गोदामांच्या बोटींतून इंग्लंडच्या ताटात पोहोचत होती. अर्जेंटिनात लाळ्या खुरकूत होता आणि इंग्लंडमध्ये तो दिसला की आख्खा कळप मारून टाकायची पद्धत. स्वयंपाकघरातला उरलासुरला भाग, हाडं, चरबीचे तुकडे डुकरांना घालायचे, आणि कधीकधी पहिला आजार नेमका त्या डुकरांतच दिसायचा. म्हणून ब्रिटिश सरकारने १९२४ मध्ये या रोगासाठी संशोधन समिती नेमली. तिच्या कामात स्टुअर्ट स्टॉकमन आणि एफ. सी. मिनेट यांनी आजारी जनावरांची धडं थंडीत ठेवून तपासली. विषाणू हाडांच्या मगजात दीर्घकाळ टिकून राहत होता. हेच मिनेट पुढे आपल्याकडे मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि नंतर कुमाऊंच्या डोंगरात हलवलेली ती संस्था. मगजात विषाणू टिकतो हे कळलं, पण त्याच धडाच्या मांसात तो का टिकत नाही, याचा उलगडा व्हायचा होता.

आता दुसरं घराणं, मांसाचं. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्नायूत लॅक्टिक आम्ल सापडलं. दुधाच्या विरजणातलंच हे आम्ल. शिकारीत धावून दमलेल्या हरणाच्या स्नायूत ते जास्त असतं, असं त्याचं निरीक्षण पुढच्या ग्रंथांतून पुन्हापुन्हा सांगितलं गेलं. १८५७ मध्ये क्लोद बेर्नार याने यकृतातून ग्लायकोजेन वेगळं काढलं आणि प्राण्याच्या शरीरातला साखरेचा साठा कुठल्या रूपात असतो ते कळलं. स्नायूतही तो असतोच. १९०७ मध्ये केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूवर काटेकोर प्रयोग करून दाखवलं, की प्राणवायू मिळेनासा झाला की स्नायूत लॅक्टिक आम्ल साचत जातं. दोनच वर्षांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन याने सामूचं मोजमाप ठरवलं, आणि आंबटपणा आकड्यात बोलू लागला.

म्हणजे जनावर मेलं तरी त्याचा स्नायू लगेच मरत नाही. रक्त थांबतं, प्राणवायू थांबतो, पण स्नायू साठ्यातलं ग्लायकोजेन मोडत राहतो आणि हळूहळू आंबट होतो. जिवंतपणी सामू सातच्या आसपास असतो. निरोगी, विसावलेल्या जनावरात तो एका दिवसात साडेपाचाजवळ उतरतो.

यातला ‘विसावलेल्या’ हा शब्द केंब्रिजच्या थंड साठवणुकीच्या संशोधन केंद्रात कळीचा ठरला. तिथे कॅलो नावाचा शास्त्रज्ञ १९३०च्या दशकात डुकराच्या बेकनवर काम करत होता. काही मांसात मीठ नीट मुरत नव्हतं आणि ते खारवूनही नासत होतं. अशा मांसाचा सामू चढा निघाला. त्याचं मूळ मिठात नव्हतं, जनावराच्या शेवटच्या दिवसात होतं. लांबून आणलेली, उपाशी, एकमेकांशी झुंजलेली डुकरं साठ्यातलं ग्लायकोजेन आधीच जाळून बसलेली असत. मेल्यावर आम्ल करायला काही उरतच नसे. गाई-म्हशींतही असंच घडतं. अशा जनावराचं मांस गडद, कोरडं आणि घट्ट दिसतं, पाणी धरून ठेवतं आणि लवकर खराब होतं. मांसाचा धंदा करणारे त्याला डार्क कटिंग म्हणतात.

ही दोन घराणी १९४८ मध्ये एकत्र आली. डब्ल्यू. एम. हेंडरसन आणि जे. बी. ब्रुक्सबी यांनी मांस आणि अवयव यांतला लाळ्या खुरकूताचा विषाणू किती टिकतो, यावरचं काम त्या वर्षी प्रसिद्ध केलं. मेल्यावर ताठरता येताना स्नायूत जे आम्ल तयार होतं तेच विषाणूला संपवतं, हा त्यांचा निष्कर्ष. मगजात, लसिका ग्रंथीत, गोठलेल्या रक्तात आणि पोटातल्या अवयवांत तेवढं आम्ल तयार होत नाही, म्हणून तिथे तो जगतो. मिनेटच्या वेळचं कोडं असं सुटलं. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: जनावर कापल्याबरोबर मांस झटकन गोठवलं, तर आम्ल तयार व्हायची क्रियाच थांबते आणि विषाणू मांसातही टिकतो. नियमातले २४ तास आणि २ अंश इथून आले. बर्फाने मांस सुरक्षित होईल असं कुणालाही वाटेल; इथे बर्फ विषाणूच्या बाजूने उभा राहतो.

आम्लाने विषाणू का संपतो हे कळायला आणखी काही दशकं गेली. त्याचं कवच बारा तुकड्यांचं असतं आणि प्रत्येक तुकड्यात पाच-पाच एकसारखे भाग. तुकडे जिथे एकमेकांना भिडतात तिथे हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल असतं. आंबटपणा वाढला की त्यावर विद्युतभार चढतो, तुकडे एकमेकांना ढकलतात आणि कवच उघडतं. हा दोष मुळीच नाही. विषाणूची जगण्याची युक्तीच ती आहे. तो जिवंत पेशीत शिरतो तेव्हा पेशीच्या आतल्या छोट्या आंबट पिशवीत कवच उघडतं आणि जनुकद्रव्य बाहेर पडतं. ज्या किल्लीने तो गोठ्यातल्या म्हशीला आजारी पाडतो, तीच किल्ली मेलेल्या स्नायूत भलत्या जागी फिरते.

ज्ञान होतं, पण नियम व्हायला संकट लागलं. २५ ऑक्टोबर १९६७ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, ऑस्वेस्ट्रीजवळच्या ब्रिन फार्मवर लाळ्या खुरकूत असल्याचं नक्की झालं. आधी एक डुकरीण लंगडताना दिसली होती. पुढच्या काही महिन्यांत साथ दोन हजारांहून जास्त गोठ्यांत गेली आणि चार लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. संशय गेला अर्जेंटिनाहून आलेल्या गोठवलेल्या मेंढीच्या मांसावर, हाडांसकट आलेल्या. नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चौकशी केली. त्यानंतर ब्रिटनने दक्षिण अमेरिकेचं गोमांस कायमचं बंद केलं नाही, फक्त हाडं काढून घ्यायला सुरुवात केली. शिक्षेऐवजी विज्ञान वापरल्याचं हे उदाहरण मला मोठं वाटतं. अर्जेंटिनाचा पशुपालक बुडाला नाही आणि श्रॉपशरच्या गोठ्यालाही संरक्षण मिळालं.

सहाचा आकडा आणखी एका दारी भेटतो. न्यूझीलंडमध्ये लॉकर आणि हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये दाखवलं, की सामू चढा असतानाच मांस फार थंड केलं तर स्नायू आखडतो आणि शिजवल्यावर चिवट लागतो. म्हणून सामू सहावर येईपर्यंत धड १० अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, असा संकेत मांसशास्त्रात रुजला. न्यूझीलंडच्या कत्तलखान्यांत धडाला विजेचे झटके देऊन आम्ल लवकर तयार करायची पद्धत आली तीही यासाठीच. विषाणूसाठीचा सहा आणि मऊपणासाठीचा सहा एकच असणं हा योगायोग आहे.

आपल्याकडे घरचं मटण या वाटेने जात नाही. सकाळी कापलेला बोकड दुपारी रश्श्यात असतो, सामू उतरायला वेळच मिळत नाही. निर्यातीचं गणित निराळं. भारतातून गाय-बैलाचं मांस बाहेर पाठवायला बंदी आहे. म्हशीचं जातं, तेही हाडाविना. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशिया ही मोठी गिऱ्हाइकं. वर्षाकाठी तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा हा व्यापार, आणि तो ज्या देशात लाळ्या खुरकूत घरोघरी माहीत आहे तिथून चालतो. हे त्या आकड्यामुळे जमतं.

पण आकडा रक्षण करतो ते घेणाऱ्याच्या गोठ्याचं. सातारा-सोलापूरच्या म्हशीला त्याचा उपयोग नाही. तिला लस हवी. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ५० कोटींहून जास्त जनावरांना लाळ्या खुरकूताची लस देण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं आणि २०३० पर्यंत रोग संपवायचं ठरलं. लस द्यायला आलेल्या पशुवैद्याला ‘दूध कमी होईल’ म्हणून परत पाठवणारे गोठे अजून आहेत. एक-दोन दिवस थोडं दूध घटतंही, पण रोगाने जातं त्याच्यापुढे ते काहीच नाही.

दुसरं, चिलरमध्ये बाजूला काढलेल्या प्रत्येक धडाचा चढा आकडा बहुधा वाटेवरच्या हालांची गोष्ट सांगत असतो: गाडीत कोंबलेली जनावरं, उन्हातला प्रवास, पाण्याविना काढलेली रात्र. तो आकडा फक्त निर्यातीच्या वहीत राहतो. त्याच्यासमोर गाडीचा नंबर, किती किलोमीटर आली, किती जनावरं भरली होती, उतरवल्यावर पाणी आणि विसावा किती तास मिळाला, एवढं लिहून ते वाहतूकदाराला आणि बाजार समितीला दाखवायला वेगळं यंत्र लागत नाही. मीटर आधीच तिथे आहे.