विधी सीईटी : तर्ककोडी सोडविण्याची रीत

महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी २०१६ पासून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा घेतली जाते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीच्या परीक्षेत २०२४ पासून १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावे लागतात. त्यांपैकी ३२ प्रश्न तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेचे असतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ केवळ इंग्रजीत होते. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. त्यामुळे घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यासाठी या ३२ गुणांचे मोल मोठे आहे. येथे पाठांतर उपयोगी पडत नाही, शिस्त लागते.

एक नमुना पाहू. घाटंजीचा एक वकील सोमवार ते शुक्रवार रोज एका गावी जातो : यवतमाळ, आर्णी, पांढरकवडा, राळेगाव आणि वणी. अटी तीन. राळेगावची फेरी बुधवारी आहे. यवतमाळच्या लगेच दुसऱ्या दिवशी आर्णी येते. पांढरकवडा वणीच्या आधी कधीतरी येते.

प्रथम पाच रकाने आखावेत आणि निश्चित माहिती भरावी. बुधवारी राळेगाव लिहिताच दोन-दोन दिवसांच्या दोन जोड्या उरतात. यवतमाळ-आर्णी ही जोडी अभंग असल्याने ती सोमवार-मंगळवारी किंवा गुरुवार-शुक्रवारीच बसते. उरलेल्या जोडीत पांढरकवडा व वणी त्याच क्रमाने येतात. म्हणजे शक्यता दोनच.

आता ‘निश्चितपणे खरे काय?’ या प्रश्नाचे उत्तर मिळते : पांढरकवड्याच्या दुसऱ्याच दिवशी वणी. अटीत ‘लगेच’ हा शब्द नव्हता. तो निष्कर्ष इतर अटींतून निघाला. वणी शुक्रवारी असल्यास आर्णी मंगळवारी, हेही उघड होते. मात्र ‘यवतमाळ सोमवारी’ हे विधान केवळ शक्य आहे, निश्चित नाही. ‘शक्य’ आणि ‘निश्चित’ यांची गल्लत झाली की हातचा गुण जातो.

कोड्याखाली अनेक प्रश्न असतील, तर आकृतीवर खर्चलेला वेळ वसूल होतो. एकच प्रश्न असेल आणि आकृती जुळत नसेल, तर पुढे जावे व शेवटी परतावे. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

अमेरिकेतील ‘एलसॅट’ परीक्षेतून अशा कोड्यांचा विभाग ऑगस्ट २०२४ पासून वगळण्यात आला. आकृती काढणे अंध परीक्षार्थींना शक्य नसल्याच्या तक्रारीवरून २०१९ मध्ये झालेली तडजोड त्यामागे होती. महाराष्ट्रात मात्र तर्कक्षमतेचा घटक कायम आहे. दिलेल्या माहितीतून काय सिद्ध होते आणि काय नुसते संभवते, हा भेद वकिलाला पुढे न्यायालयातही करावा लागतो. कागदावरील पाच रकाने ही त्याचीच पूर्वतयारी होय.