नवा लॅपटॉप, दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम आणि ड्रायव्हरचा इतिहास

आजचा विषय वाचून दोघातिघांनी विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं लॅपटॉपशी काय काम? प्रश्न रास्त आहे. लॅपटॉप दुरुस्त करायला मी इथे उभा नाही. पण एखादी वस्तू आपण विकत घेतली म्हणजे ती आपली झाली का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे. म्हणून मी आलोय.

आधी प्रसंग समजून घेऊ. आपल्या धाराशिवातली एखादी मुलगी इंजिनिअरिंगला जाते. घरच्यांनी सोयाबीनचे पैसे आल्यावर तिला नवा लॅपटॉप घेऊन दिलेला असतो. त्यात विंडोज आधीच बसवलेली असते. कॉलेजात लिनक्स लागते, म्हणून ती पेन ड्राइव्हवरून उबुंटू किंवा डेबियन टाकते. पडदा उजळतो, सगळं छान दिसतं, पण वाय-फाय सापडत नाही. आवाजही येत नाही. दुकानदार म्हणतो, "ड्रायव्हर नाही, विंडोजच ठेवा." आता हा ड्रायव्हर नाही म्हणजे नेमकं काय नाही? आणि विंडोज आधीच का होती?

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्या यंत्राचा कारभार बघते, पण वाय-फायची चिप, आवाजाची चिप, प्रिंटर यांची प्रत्येकाची बोली वेगळी. त्यांच्यात आणि कारभाऱ्यात बोलणं घडवून आणणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. आपल्या भागातल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. रयत मराठी बोलायची, कचेरी उर्दूत चालायची. शेतकऱ्याला अर्ज द्यायचा तर अर्जनवीस गाठावा लागे. तो भला असेल, लबाड असेल. पण त्यानं काय लिहिलं हे शेतकऱ्याला वाचता येत नसे. अडचण माणसाच्या स्वभावात नव्हती, त्या रचनेत होती.

आता इतिहासाकडे वळू. सुरुवातीला सॉफ्टवेअर वेगळं विकतच नसत. मोठा संगणक घेतला की प्रोग्रॅम सोबत यायचे. १९६९ साली आयबीएमनं सॉफ्टवेअरचा आणि यंत्राचा हिशेब वेगळा करायचं जाहीर केलं. तिथून सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल झाला, आणि माल झाला की त्याची कृती झाकून ठेवणं आलं.

पुढची गोष्ट प्रिंटरची आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण प्रोग्रॅमर होता. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की लोकांना निरोप जाईल, अशी सोय त्यानं प्रोग्रॅम बदलून केली होती. नव्या प्रिंटरला ती करता येईना, कारण मूळ प्रोग्रॅम, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो दिलेलाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो होता. स्टॉलमननं जाऊन मागितला. त्यानं नकार दिला, कारण गुप्ततेच्या करारावर सही केली होती. पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमननं ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. म्हणजे बघा, मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे मोठा सिद्धांत नंतर आला. आधी होता तो एक प्रिंटर आणि न मिळालेला त्याचा प्रोग्रॅम.

दुसरी गोष्ट फिनलंडची. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं नवा ३८६ संगणक घेतला. त्याच्यासोबत आलेल्या डॉसमध्ये त्याला रस नव्हता. त्यानं मिनिक्स नावाची शिकवण्यासाठी बनवलेली प्रणाली मागवून बसवली, तीही अपुरी वाटली, म्हणून स्वतःची लिहायला घेतली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यानं ती जगाला कळवली, आणि सोबत सांगितलं, की माझ्याकडे आहे त्याच प्रकारची हार्ड डिस्क हिच्यात चालेल, दुसरी बहुधा कधीच चालणार नाही. आपल्या मुलीची अडचण आणि लिनक्सच्या जन्माची अडचण एकच आहे: नवं यंत्र, दुसरी प्रणाली आणि ड्रायव्हर नाही!

मग विंडोज आधीच का असते? ती चांगली आहे म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. मायक्रोसॉफ्टनं संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी असे करार केले होते, की विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचे, मग त्यात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. असं असल्यावर दुसरी प्रणाली कोण बसवणार? १९९४ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत हे करार बंद झाले. पण तोवर सवय पडून गेली होती. आणि जिथे गिऱ्हाईक, तिथे ड्रायव्हर. चिप बनवणारी कंपनी आधी विंडोजचा ड्रायव्हर लिहिते, कारण माल तिथे खपतो.

लिनक्सवाल्यांनी मग काय केलं? कंपनीनं माहिती दिली तर ठीक. नाही तर चिपला एकेक संदेश पाठवून ती काय उत्तर देते ते टिपायचं, आणि त्यावरून तिची बोली शिकायची. व्याकरणाचं पुस्तक नसताना भाषा शिकण्यासारखं हे काम आहे. हजारो लोकांनी ते चिकाटीनं केलं. हळूहळू कंपन्याही वळल्या. ब्रॉडकॉमनं २०१० मध्ये वाय-फायचा खुला ड्रायव्हर दिला. एनव्हिडियानं २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला. डेबियनचे लोक तर तत्त्वाचे पक्के. चिपच्या आत भरायचा बंदिस्त प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, ते मूळ सीडीत घेत नसत. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत द्यायला लागले. तत्त्व सोडलं का? काही जण तसं म्हणतात. मला वाटतं, ज्याचं वाय-फायच चालत नाही त्याला स्वातंत्र्याचं पुस्तक उतरवूनही घेता येत नाही, हे त्यांनी ओळखलं.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या आतच असतात. त्यामुळे लॅपटॉप यंदाचा आणि लिनक्सची आवृत्ती तीन वर्षांपूर्वीची असेल, तर दुभाष्याला ती बोली माहीत नसणार. नवी आवृत्ती घेतली की पुष्कळदा प्रश्न सुटतो. तोवर मोबाइल यूएसबीनं जोडून इंटरनेट घेता येतं.

आता कुलपाची गोष्ट. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, तिच्याबरोबर सिक्युअर बूट. यंत्र सुरू होताना, ओळखीची सही असलेलाच प्रोग्रॅम चालू द्यायचा. हेतू खोटा नव्हता. प्रणाली सुरू होण्याआधीच शिरणारे घातक प्रोग्रॅम खरोखर होते, आजही आहेत. पण यंत्रात आधीपासून असलेल्या किल्ल्या प्रामुख्यानं मायक्रोसॉफ्टच्या. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांनी शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला आणि मार्ग काढला. साध्या लॅपटॉपवर हे कुलूप बंद करायची सोय असलीच पाहिजे, अशी त्या वेळी मायक्रोसॉफ्टचीच अट होती. विंडोज १० च्या वेळी ती सोय बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडली गेली. सक्तीची मर्जी झाली, तीही फारसा गाजावाजा न होता. असे बदल लक्षात ठेवावेत.

आपल्याकडे १९५० चा हैदराबाद कूळ कायदा झाला, तेव्हा जमीन मालकाची की कसणाऱ्याची, यावर गावोगाव वाद झाले. तुम्ही विंडोज घेता तेव्हा मालक होत नाही, परवाना घेता. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तुम्ही कूळच. ते मान्य करू. पण लॅपटॉप तर तुम्ही रोख मोजून घेतलाय. सॉफ्टवेअरच्या कुळानं यंत्राचंही कूळ व्हायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या देशात याचा विचार झालाच नाही असं नाही. सी-डॅकनं २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस लिनक्स आणली, तिच्यात मराठीही आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. मराठी टायपिंगचा अनुभव तर आपल्या सगळ्यांचा आहे. युनिकोड रुळण्याआधी एका फॉन्टमधली लग्नपत्रिका दुसऱ्या डीटीपीवाल्याकडे नेली की अक्षरांचा कचरा व्हायचा. खुलं मानक आलं आणि तो त्रास संपत गेला. तिथेही अडचण भाषेची नव्हती, झाकून ठेवलेल्या सांकेतिक क्रमांची होती.

आणि हे आजच का सांगतोय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक जुनी यंत्रं अधिकृतपणे तिच्यात बसत नाहीत. आपला जिल्हा दुष्काळाचा, नीती आयोगाच्या आकांक्षित यादीतला. इथल्या शाळेतला चालता संगणक भंगारात काढणं आपल्याला परवडत नाही. जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात सहसा असतातच. नव्या यंत्राला जी अडचण येते ती जुन्याला बहुधा येत नाही, हा या इतिहासाचा आपल्याला झालेला फायदा.

तरुण मित्रांना शेवटचं. घाई करू नका. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवा. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्या, कारण सिक्युअर बूटला हात लावला की यंत्र ती मागू शकतं. मग पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा, काही न पुसता. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासा. जमलं तर बसवा. नाही जमलं तर विंडोज ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ती तुम्ही निवडलेली असू द्या.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ या.