श्रीलंकेचे परकीय कर्जसंकट

श्रीलंकेचे परकीय कर्जसंकट हे २०२२ साली त्या देशावर ओढवलेले कर्जफेडीचे संकट होय. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने बहुतांश परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. १९४८ मधील स्वातंत्र्यानंतर देशावर अशी वेळ प्रथमच आली. तेव्हा एकूण परकीय कर्ज सुमारे ५१ अब्ज डॉलर होते.

पार्श्वभूमी

श्रीलंकेचा समावेश मध्यम उत्पन्न गटात झाल्यावर सवलतीच्या व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जे कमी होत गेली. त्यामुळे सरकार आंतरराष्ट्रीय बाजाराकडे वळले. २००७ साली ५० कोटी डॉलरचे पहिले सार्वभौम रोखे ८.२५ टक्के व्याजाने विकण्यात आले. पुढे अशा रोखेधारकांचे देणे चीन, जपान आदी कोणत्याही एका देशाच्या देण्यापेक्षा अधिक झाले. २०१७ साली हंबन्टोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. त्यातून सुमारे १.१२ अब्ज डॉलर मिळाले, मात्र बंदरासाठी घेतलेले कर्ज कायम राहिले.

कारणे

* २०१९ अखेर मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणल्याने महसूल घटला.
* एप्रिल २०१९ मधील ईस्टर बॉम्बस्फोट व नंतरची कोविड-१९ महासाथ यांमुळे पर्यटनातून येणारे परकीय चलन आटले.
* २०२१ मधील रासायनिक खतांच्या आयातबंदीने भात व चहाचे उत्पादन घटले.

परिणाम

वापरता येण्याजोगी परकीय गंगाजळी ५ कोटी डॉलरच्याही खाली गेल्याचे अर्थमंत्र्यांनी मे २०२२ मध्ये संसदेत सांगितले. इंधन, औषधे व स्वयंपाकाच्या गॅसची टंचाई निर्माण झाली. जनआंदोलनानंतर जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी देश सोडून राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांजवळ पोहोचला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार दारिद्र्याचे प्रमाण वर्षभरात सुमारे १३ वरून २५ टक्क्यांवर गेले.

कर्जाची पुनर्रचना

भारताने २०२२ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य दिले. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचा चार वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला. करवाढ व वीजदरवाढ हे त्याचे भाग होते. देशांतर्गत पुनर्रचनेतून बँकांकडील सरकारी रोखे वगळण्यात आले. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीकडील रोखे मात्र तिच्या कक्षेत राहिले. त्यामुळे बोजाच्या वाटपावर टीका झाली. जून २०२४ मध्ये भारत, जपान व फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखालील धनको देशांच्या समितीशी करार झाला. चीनशी स्वतंत्र करार झाला. बहुतांश खासगी रोख्यांची अदलाबदल डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली.