पोथी, कॅसेट, रील : सिंधुदुर्गात चित्रावर पोट भरणाऱ्यांची गोष्ट

परवा मालवणच्या जेटीवर बसलो होतो. मे महिना संपत आलेला, वॉटर स्पोर्ट्स बंद व्हायला चार-पाच दिवस राहिलेले. शेजारी एक मुलगा, वय बावीस-तेवीस, गळ्यात गोप्रो, हातात मोबाईल. स्कूबा करून आलेल्या पुण्याच्या कुटुंबाची क्लिप कापत होता. मासे, बुडबुडे, मग अंगठा वर केलेला बाप, वर गाणं. सात-आठ मिनिटांत काम झालं आणि क्लिप त्या लोकांच्या व्हॉट्सॲपवर पडली. मग मला म्हणाला, "काका, मुंबईची नोकरी सोडून ह्याच करूचा म्हणतंय. पोट भरात?"

मी "बघूया" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तीस-बत्तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारला होता, खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेऊन. तेव्हा त्या मुलाला द्यायचं उत्तर इथेच लिहितो. लांबलंय. चहा घेऊन बसा.

मंडळी, चित्र दाखवून पोट भरणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यानपिढ्या हेच करत आले. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. देवळात दिव्यासमोर एकेक चित्र धरायचं आणि गात, बोलत कथा पुढे न्यायची. एक चित्र गेलं की दुसरं. आजच्या रीलवाल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पुढचं चित्र येईपर्यंत माणूस उठून जाता कामा नये, ही कसरत तेव्हाही होतीच.

पण त्यांचं पोट कशावर भरायचं? चित्र चांगलं आहे म्हणून कोणी त्यांना पैसे देत नव्हतं. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता, देवळांचे ठरलेले दिवस होते, त्या त्या गावात कला दाखवायचा मान होता. आश्रय गेला, रेडिओ-सिनेमा आला, आणि पोथ्या माळ्यावर गेल्या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभारलं, बाहुल्या आणि चित्रं जपली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांना पिंगुळी कुठे आहे ते शोधावं लागलं. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू. कुडाळला शंभरदा गेलो असेन, पण तिकडे वळलो नव्हतो.

दशावताराचं तसं झालं नाही, ते टिकलं. का टिकलं, हे समजून घेण्यासारखं आहे. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, चेंदवणकर ही कंपन्यांची नावं आपण लहानपणापासून ऐकतो. पाऊस संपला, जत्रा सुरू झाल्या की कंपनी बाहेर पडते ती पुढचा पाऊस येईपर्यंत. आज या गावात, उद्या त्या गावात. लिखित संहिता नाही. रात्री कुठलं आख्यान लावायचं ते ठरलं की नट आपापल्या तोंडाला रंग लावून उभा. पण कुठल्या गावच्या जत्रेला कुठली कंपनी, हे बहुतेक ठिकाणी पक्कं असतं. म्हणजे कला आयत्या वेळची, गिऱ्हाईक मात्र बांधलेलं. आणि पावसाळ्यात तोच राजा, तोच संकासूर शेतात चिखलणी करत असतो. वर्षाचे चार महिने धंदा बंद राहणार हे धरूनच त्यांनी संसार मांडले. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जरा मुंबईला जाऊ. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. ती बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, वेडे झाले. फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला एका कुस्तीचं चित्रण केलं. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली! १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचंही चित्रण केलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून बारा वर्षं होती. ना कंपनी, ना पगार, ना मालक. स्वतःचा कॅमेरा, स्वतःचा खर्च. आपल्याकडचा पहिला फ्रीलान्स व्हिडिओग्राफर म्हणायचा तर हाच माणूस.

आणि पुढे काय झालं? सावे दादांनी चित्रण थांबवलं आणि गेइटी थिएटरच्या कारभारात लक्ष घातलं. पैसा तिथे होता. चित्र काढणाऱ्यापेक्षा पडदा ज्याच्या ताब्यात, त्याची कमाई मोठी. आज पडदा यूट्यूबचा आणि इन्स्टाग्रामचा आहे, एवढाच काय तो फरक.

आपल्या जिल्ह्याला मात्र कॅमेरा फार उशिरा दिसला. आपला जिल्हाच मुळी १ मे १९८१ चा. त्याआधी आपण रत्नागिरीचं दक्षिण टोक, मुंबईच्या मनिऑर्डरवर चालणारं. जो काही करू शकतो तो मुंबईला जाणार, हा नियम. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात खानावळ चालवत होते, तेही शेवटी मुंबईला गेलेच. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण'मधून मालवणी बोलीला हजारो प्रयोग मिळवून दिले, पण ते मुंबईच्या रंगभूमीवरून. भाषा गावची, तिकीट खिडकी दादर-परळची. १९८२ च्या गिरणी संपाने बरेच चाकरमानी रिकाम्या हाताने गावी आले, तेव्हा गावात त्यांना द्यायला काम नव्हतं.

मी ज्या धंद्यात शिरलो तो त्यानंतरचा. लग्नाची कॅसेट. कॅमेरा खांद्यावर, मागे एक पोरगा हॅलोजन घेऊन, त्याच्यामागे वायर सांभाळणारा दुसरा. हॅलोजन लागला की मांडवातले सगळे एकदम डोळे मिचकावायचे आणि नवरीच्या कपाळावरून घाम ओघळायचा. अंतरपाट दूर होताना नेमकी लाईट जायची. मग भटजींना सांगायचं, थांबा जरा. भटजी म्हणायचे, मुहूर्त थांबता काय रे? मिक्सिंगला कॅसेट घेऊन बाहेर जावं लागायचं. तिथे नवरा-नवरीचे चेहरे फुलात, बदामात, एकदा तर कमळात बसवून आणलेले. लोकांना तेच आवडायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

हंगाम नोव्हेंबर ते मे. जूनमध्ये कॅमेऱ्याला बुरशी लागू नये म्हणून डबा, डब्यात बल्ब. आणि मी शेतात.

बुडालो कसा ते सांगतो, कारण त्या पोराला तेच उपयोगी पडेल. एका हॉटेलवाल्याने (नाव घेत नाही) जाहिरातीची फिल्म करून घेतली. चार दिवस शूटिंग, राहणं-जेवण त्याच्याकडे. "पैसे हंगाम संपल्यावर देतंय." हंगाम संपला, पुढचा सुरू झाला. कागदावर काही नव्हतं. मास्टर कॅसेट त्याच्याकडे. मग कॅमेऱ्याचा हप्ता थकला आणि मी दुकान टाकलं. असो.

त्यानंतर जिल्हा बदलत गेला. १९९७ ला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. तारकर्ली, देवबागला घराघरात पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. २०१६ साल मला दोन गोष्टींसाठी आठवतं. फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, आकेरीच्या वाड्यात शूटिंग. कॅमेरा मुंबईहून उठून आपल्या खळ्यात आला आणि मालवणी घराघरात पोचली. लोक तो वाडा बघायला गाड्या करून यायला लागले. आणि सप्टेंबरमध्ये जिओ आलं. डेटा स्वस्त झाला. आता बघणाऱ्यालाही पैसे पडत नव्हते आणि दाखवणाऱ्यालाही.

त्यातच सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं स्कूबा. पाण्याखालचा व्हिडिओ पॅकेजमध्येच. माझ्या मते या किनाऱ्यावरच्या पोरांची खरी शाळा ही, कुठल्या इन्स्टिट्यूटची नव्हे. दिवसाला डझनभर गिऱ्हाइकं, प्रत्येकाला त्याचा स्वतःचा व्हिडिओ, तो होडीतून उतरायच्या आत. पाण्याखाली लाल रंग मरतो, सगळं निळं-हिरवं होतं, मग तो रंग परत कसा आणायचा, हे ही पोरं न शिकता शिकली.

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणलं. लॉकडाऊनने पोरं गावात अडकलेलीच होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. लकी कांबळींचं 'मालवणी लाईफ', प्रसाद गावडेंचं 'कोंकणी रानमाणूस', अंकिता वालावलकरची 'कोकण हार्टेड गर्ल', जी २०२४ च्या बिग बॉस मराठीत पोचली. तिघांचे रस्ते वेगळे. गावडे जंगल, राई, देवराया दाखवतात, खाणींविरुद्ध बोलतात, त्यावर भांडणंही ओढवून घेतात. पण मला दिसतं ते हे, की यातली टिकणारी माणसं नुसत्या व्ह्यूजवर उभी नाहीत. कोणाचं पर्यटन आहे, कोणाच्या जाहिराती, कोणाचं आणखी काही. चॅनल म्हणजे त्यांची जत्रा. धंदा जत्रेच्या बाजूला.

कारण पडद्याच्या मालकाचा हिशोब बघा. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्यानंतर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्सचा ४५. इन्स्टाग्राम तर आपल्याकडे व्ह्यूजमागे ठरलेला दरच देत नाही. दहा लाख लोकांनी तुमचा देवबागचा संगम बघितला तर तुमच्या हातात काय? दहा लाख लोकांनी बघितला, एवढंच.

म्हणून मग हॉटेलवाले, होमस्टेवाले, स्कूबावाले. आणि इथे माझी जुनी गोष्ट नव्या नावाने परत येते : 'बार्टर कोलॅब'. दोन रात्री राहा, जेवा, रील टाका. पैसे नाहीत. गंमत म्हणजे सरकार त्याला उत्पन्नच धरतं. १ जुलै २०२२ पासून धंद्यातून मिळालेल्या अशा सोयी-वस्तू एकाच पार्टीकडून वर्षाला २०,००० च्या वर गेल्या तर १० टक्के टीडीएसचा नियम आहे. आणि जानेवारी २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुकट राहिलात तरी ते बघणाऱ्याला स्पष्ट सांगायचं, जाहिरात आहे म्हणून. आपल्याकडच्या किती रीलवर ते लिहिलेलं असतं, बघा एकदा.

आणखी एक, जे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. पैसे घेऊन कोणासाठी फिल्म केली आणि कागदावर वेगळं काही ठरलं नसेल, तर कायद्याने त्या फिल्मचा पहिला मालक काम देणारा असतो, तुम्ही नव्हे. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहून घ्या : किती व्हिडिओ, किती दुरुस्त्या, निम्मे पैसे आधी, कच्चं फुटेज कोणाचं. ड्रोन उडवणाऱ्यांनी वेगळं बघायचं. २५० ग्रॅमच्या वरचं ड्रोन पैसे घेऊन उडवायचं तर पायलटचं सर्टिफिकेट लागतं, चिपी विमानतळाच्या आसपास बंधनं आहेत, आणि किल्ला पुरातत्त्व विभागाचा आहे, आपल्या आजोबांचा असला तरी.

पण खरी दुखरी जागा पैशाची नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. त्या आठवड्यात मी जुन्या रील्स बघत बसलो. माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या त्यांत स्वस्त दर होते, गाणी होती, लाईफ जॅकेटबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. आणि दुसरं, 'समुद्राला लागून प्लॉट, फक्त इतके लाख'. ड्रोन वर जातो, सडा दिसतो, खाली फोन नंबर. हे काम पैसे देतं, आणि वेळेवर देतं, हेच तर वाईट. ज्या पोराने गावात राहता यावं म्हणून कॅमेरा घेतला, त्याच्याच कॅमेऱ्याने गाव विकला जातो. त्या पोराला दोष देताना माझी जीभ अडखळते. हप्ता कसा असतो ते मला माहीत आहे. तरीही मी ते काम करू नये असंच म्हणेन.

तर पोट भरतं का? दशावतारवाल्याचं भरतं तसं भरतं. पाच-सहा ठरलेली गिऱ्हाइकं, जी दर महिन्याला काम देतात, म्हणजे तुमच्या जत्रा. एखादं रील व्हायरल होणं म्हणजे लॉटरी, तिच्यावर नोकरी सोडायची नाही. आणि पावसाचे तीन महिने. २६ मे ते ३१ ऑगस्ट पाण्यातले खेळ बंद, मासेमारीही जून-जुलै बंद. त्या दिवसांसाठी आंबोलीचा धबधबा, गणपती, एडिटिंगची बाहेरची कामं, नाहीतर सरळ शेती, जे काही असेल ते आधीच ठरवून ठेवायचं.

हे सगळं त्या मुलाला मी फोनवर सांगितलं. त्याने लगेच एका होमस्टेला पहिलं कोटेशन पाठवलं, महिन्याला आठ रील, निम्मे पैसे आधी. काल त्याचा मेसेज आला. समोरून उत्तर आलंय : "दोन दिवस ये, राव, जेवाण आमच्याकडे. मग बघूया."

"काका, काय सांगू?"

मी लिहिलं, "जेवाण घराक आसा म्हणान सांग."