मुंबई हाय : सागरी तेल उत्खननातील जोखमीचा इतिहास

१९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगच्या साहाय्याने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेलाचा शोध लागला आणि १९७६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या दरवाढीने पोळलेल्या देशाला हे वरदान वाटले, यात नवल नाही. आपल्या आर्थिक इतिहासलेखनात मुंबई हायचा उल्लेख बहुधा एवढ्यापुरताच येतो. तथापि १९८२ मध्ये ‘सागर विकास’ रिगवर विहिरीचा उद्रेक झाला आणि मे १९९३ मध्ये उरणकडे येणारी तेलवाहिनी फुटून हजारो टन तेल अरबी समुद्रात पसरले, याही घटना त्याच इतिहासाचा भाग होत.

२७ जुलै २००५ ची दुर्घटना अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. आदल्याच दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याने शहराच्या स्मृतीत ती काहीशी झाकोळली गेली. ‘समुद्र सुरक्षा’ (नावातील विपर्यास लक्षणीय आहे) या जहाजावरील एका आचाऱ्याच्या बोटांना इजा झाली. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळेना. म्हणून उपचारांसाठी त्याला बीएचएन प्लॅटफॉर्मवर चढविण्याकरिता जहाज वाऱ्याकडील बाजूने अगदी लगत आणले गेले. लाटांच्या हेलकाव्यात ते रायझरवर, म्हणजे समुद्रतळावरून तेल व वायू वर आणणाऱ्या उभ्या नळीवर, आदळले. वायूने पेट घेतला आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. ३८४ पैकी ३६२ जण वाचले. २२ जण मृत वा बेपत्ता झाले.

याला निव्वळ नौचालनातील चूक म्हणणे अपुरे ठरेल. रायझर सांगाड्याच्या बाहेरील बाजूस होते आणि त्यांना पुरेसे संरक्षक कवच नव्हते. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातील पायपर अल्फावर १६७ जणांचा बळी गेल्यानंतर लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालाने सुरक्षेची लेखी सिद्धता चालकावर सोपविली होती. सागरी तेलकामांसाठी भारतात स्वतंत्र सुरक्षा नियम आले ते २००८ मध्ये, म्हणजे तेलाच्या शोधानंतर ३४ वर्षांनी.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात याच क्षेत्रात ‘पी-३०५’ ही निवासी बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ जण होते आणि त्यांतील अनेक दगावले. तेथेही विहिरीत वा यंत्रात बिघाड नव्हता. धोका पुन्हा प्लॅटफॉर्मभोवती राबणाऱ्या नौकेवरच होता, आणि तिच्यावरील माणसे प्रामुख्याने कंत्राटी कामगार होती.